दीड तासाचा उशीर

हितेश म्हात्रेला जे काम उत्तम येत होतं ते आता कुणालाच नको होतं. गावात एखादा कल्हईवाला असतो, त्याचा हात चांगला असतो, पण घरोघर स्टीलची भांडी आलेली असतात. मग तो आपला चौकात बसून भाता साफ करतो. हितेश संगणकाचे प्रोग्राम लिहीत होता आणि त्याचं वय अवघं सदतीस होतं, पण गत तीच.

पंधरा वर्षांपूर्वी डिप्लोमा करून तो नवी मुंबईतल्या एका कंपनीत लागला, तेव्हा तिथे एका टूलकिटचा बोलबाला होता. वेबसाइट चालते ब्राउझरमध्ये, आणि ब्राउझरला कळते फक्त जावास्क्रिप्ट नावाची भाषा. कंपनीतली माणसं मात्र सगळी जावावाली, म्हणजे नाव सारखं पण भाषा वेगळी. टूलकिटचं म्हणणं असं, की तुम्ही तुमचं जावात लिहा, त्याचं जावास्क्रिप्ट मी करून देतो. देताना ते सगळी लांबलचक नावं छाटून एकेका अक्षराची करून टाकायचं, म्हणजे पान लवकर उघडावं. त्यामुळे काही बिघडलं की पडद्यावर नुसता अक्षरांचा चिवडा दिसायचा, आणि कोणतं अक्षर मूळचं कोण हे सांगणारी नकाशाची फाइल शोधत बसावं लागायचं. हितेशला ती फाइल लागत नसे. तो चिवडा तसाच वाचायचा आणि चूक कुठल्या ओळीत आहे ते सांगायचा. त्या दिवसांत त्याला मान होता.

मग नवी साधनं आली. बरोबरचे सगळे एकेक करून तिकडे गेले आणि भेटले की हसायला लागले, की अरे, अजून तेच धरून बसलायस का? हितेश त्यांच्याशी वाद घालायचा. या टूलकिटमध्ये काय वाईट आहे ते दाखवा, म्हणायचा. त्याला नवं शिकायचा कंटाळा होता असं नाही. जुन्यावर जीव बसला होता, आणि जीव बसला की माणूस वकील होतो. शेवटी कंपनीनेच ते काम बंद केलं आणि हितेश पेणला परत आला.

पेणमध्ये त्याने गणपतीच्या एका कारखान्यावरची खोली भाड्याने घेतली. खाली मूर्ती घासायचं काम चाले, आणि वर कीबोर्डवर पांढरी पूड बसे. त्याच जुन्या टूलकिटवर लिहिलेली दहा-पंधरा ठिकाणची सॉफ्टवेअरं अजून कुठे कुठे तग धरून होती, त्यांची डागडुजी तो करायचा. हाताखाली एकच मुलगी होती, रोह्याची उजमा. सकाळच्या गाडीने यायची, संध्याकाळच्या गाडीने जायची. हुशार होती. हे टूलकिट आपल्या जन्माआधीचं आहे असं चिडवायची, आणि तरी मन लावून शिकायची. तिचा थोरला भाऊ मुआज मस्कतला एका दुकानात होता.

आता हितेशच्या बापाचं सांगितलं पाहिजे, कारण ही गोष्ट खरी त्याच्यापाशी अडते.

हिरामण म्हात्रे तरुणपणी मिठागरात होता. मिठागरं बसली तेव्हा गावाने त्याला उघाडीवर नेमलं. मोठीखार हे त्यांचं गाव खाडीला लागून, शेतं भरतीच्या पाण्यापेक्षा खाली. मधे मातीचा बांध, आणि बांधात एक लाकडी फळ्यांचं दार. त्याला उघाडी म्हणतात. पावसाळ्यात ओहोटी लागली की फळ्या काढायच्या, शेतात तुंबलेलं पाणी खाडीत जाऊ द्यायचं. भरती चढायच्या आत फळ्या परत टाकायच्या, म्हणजे खारं पाणी भातात शिरत नाही. शिरलं तर ते वर्ष जातंच, वर जमीन दोन-तीन वर्षं रुसून बसते. हे काम हिरामणने एकतीस वर्षं केलं. भरतीची वेळ रोज पाऊण-एक तास पुढे सरकते, पण त्याच्या मनगटाला कधी घड्याळ नव्हतं. खाडीच्या काठी उभं राहून पाण्याचा रंग बघायचा आणि फळी उचलायचा. किती वाजले हा प्रश्न त्याने जन्मात कुणाला विचारला नव्हता, उलट लोकच त्याला विचारायचे.

मागच्या वर्षी गावच्या बांधसमितीच्या मनात आलं, की उघाडी कधी उघडली, कधी बंद केली याची लेखी नोंद हवी. हितेशने हौसेने सांगितलं, मी करून देतो. आणि करून दिलं, अर्थात आपल्याच लाडक्या टूलकिटवर. पडद्यावर दोन मोठी बटणं, एक ‘उघडली’ आणि एक ‘बंद केली’. बांधावर नेट नाही, म्हणून नोंद टॅबमध्येच साठायची आणि हिरामण घरी आला की घरच्या वायफायवरून पेणला जायची. पेणच्या ऑफिसात यादी दिसायची. टॅब मुआजने दिला. मस्कतमध्ये वापरलेला होता, पण चांगला होता.

टॅब गावाला द्यायचा कार्यक्रम बांधावरच्या देवळात ठेवला होता. नारळ आणलेला, समितीचे अध्यक्ष गोविंदा पाटील टोपी घालून तयार. ऐन वेळी हितेशच्या लक्षात आलं, की टॅबचं घड्याळ दीड तास मागे आहे. आतली सगळी अक्षरं अरबी. त्याने घड्याळाचं चित्र शोधलं, आकडे पुढे सरकवले, वेळ जुळवली आणि टॅब गोविंदाच्या हातात दिला. पुढे कधीतरी आतली भाषाही बदलू असं त्याने ठरवलं होतं. पण त्याच्या धंद्यात एक रीत आहे, जे चाललंय त्याला हात लावायचा नाही. टॅब चालत होता.

हिरामण बटण दाबायला दोन दिवसांत शिकला. फळ्या टाकल्या की ओला हात लुंगीला पुसून ‘बंद केली’ दाबायचा, आणि ते हिरवं झालं की खूश व्हायचा. जनीला, म्हणजे बायकोला, सांगायचा, की पोराने आपलं काम पार पेणला दिसेल असं केलंय. ही खुशी अडीच महिने टिकली.

श्रावणातल्या अमावास्येचं उधाण होतं. देवळाच्या भिंतीवर लावलेल्या भरतीच्या कोष्टकाप्रमाणे त्या दिवशी सकाळी नवाच्या आत उघाडी बंद व्हायला हवी होती. दुपारी साडेबाराच्या सुमाराला पाणी शिगेला पोचलं आणि उघाडीची एक बाजू बांधासकट बसली. खांड पडली. बघता बघता साठ एकर भात खाऱ्या पाण्याखाली गेलं. पोटरीला आलेलं पीक. माणसं बांधावर उभी राहून बघत होती, कुणाला काही करता येत नव्हतं. हिरामण कमरेभर पाण्यात उतरून मातीची पोती टाकत राहिला, शेवटी दोघांनी त्याला ओढून वर काढलं.

संध्याकाळी देवळात बैठक झाली. खांड पडली की गावाला माणूस लागतो, कारण पाण्यावर रागावून उपयोग नसतो. कुणीतरी म्हणालं, उघाडी वेळेत बंद झाली होती का? हिरामणने सांगितलं, नवाच्या आधी फळ्या टाकल्या. कुणीतरी म्हणालं, आता नोंद आहे ना, बघू या की. हितेशने लॅपटॉप उघडला. नोंद होती दहा वाजून पाच मिनिटांची.

देवळात कुजबुज झाली. मग मागच्या नोंदी बघितल्या. त्या दिवशीच उशीर झाला होता असं नाही, यादीप्रमाणे रोजच उशीर होता. कधी तास, कधी सव्वा तास. अडीच महिन्यांत एक दिवस असा नव्हता की उघाडी कोष्टकाच्या वेळेत बंद झालीय. हितेश एकेक ओळ वाचत होता आणि त्याचे कान तापत होते. म्हातारा एकतीस वर्षांच्या नावावर झोपा काढतोय, असं त्याला वाटलं. हे त्याने पुढे स्वतःशी कबूल केलं, त्या वेळी त्याला खरंच असं वाटलं होतं.

गोविंदा पाटील काही वाईट माणूस नाही. त्याने सरळ विचारलं, “हितेश, तुज्या मशीनची चूक तं नाय ना?”

दहा वर्षं ज्याची लोकांनी टिंगल केली त्या टूलकिटची बाजू घ्यायची हितेशला सवय झाली होती. तोंड आपोआप उघडलं. “मशीन चुकत नाय काका. त्यात जे जातं, तेच बाहेर येतं.”

हिरामण उभा होता. त्याने मुलाकडे बघितलं, आणि खाली बसला. वैशाखात त्याने समितीला दोनदा सांगितलं होतं, की उघाडीची तळची फळी कुजलीय, पावसाआधी बदला. गोविंदा म्हणाला होता, पाऊस झाल्यावर बघू. ही गोष्ट त्या संध्याकाळी कुणालाच आठवली नाही. हिरामणनेही आठवण करून दिली नाही.

आणि कुणीही, अगदी हितेशनेही, एक साधा प्रश्न विचारला नाही. उघाडी जर अडीच महिने रोज तासभर उशिरा बंद होत होती, तर पाणी रोज आत का शिरलं नाही? शेंबड्या पोराला सुचावा असा प्रश्न. पण पडद्यावर आकडे दिसले की शहाणी माणसंही बुद्धी गहाण टाकतात.

हिरामणला काढलं. त्याच्या जागी निलेश नावाचा, त्यांच्याच आळीतला तिशीचा गडी लागला. निलेशने टॅब घेतला नाही, तो आपल्या फोनवरूनच नोंद करायचा, आणि त्याच्या नोंदी अगदी वेळेत यायच्या. लोक म्हणायचे, बघा, असं असतं काम. हे सगळं हिरामणच्या घरासमोरून येता-जाता म्हणायचे. टॅब कपाटात गेला.

हिरामण बांधाची वाट सोडून मागच्या आळीने बाजारात जायला लागला. जाळं घेऊन बसायचा, विणायचा आणि उसवायचा. दिवाळीला हितेशने त्याच्यासाठी मोठ्या आकड्यांचं मनगटी घड्याळ आणलं. बापाला आता तरी वेळेचं भान राहील, असा त्याचा चांगला हेतू होता. चांगल्या हेतूने माणूस माणसाला किती खोल मारू शकतो, याला मर्यादा नाही. हिरामणने ते हातात घातलं आणि काढलं नाही. तेव्हापासून तो वेळ विचारायला लागला. घड्याळ बघायचा, मग हितेशला विचारायचा, मग स्वयंपाकघरात हाक मारून जनीलाही विचारायचा. जनी आधी चिडायची, मग नुसतं सांगायला लागली.

चैत्र संपता संपता रोह्याकडच्या एका गावाने विचारलं, की आमच्या उघाडीलाही तुमची नोंदवही द्याल का? हितेशने होकार दिला. जुन्या कामाला नवं गिऱ्हाईक म्हणजे त्याला सणच. उजमाने त्यात काही सुधारणा केल्या. त्यातली एक अशी, की पेणच्या संगणकातल्या घड्याळापेक्षा पुढच्या वेळेची नोंद घ्यायची नाही. आता दहा वाजले असतील तर सव्वादहाची नोंद कशी होईल? तसं झालं तर प्रोग्रामने अडवायचं. तपासायला म्हणून हितेशने घरच्या कपाटातून तो टॅब आणला, चार्ज केला आणि बटण दाबलं. प्रोग्राम अडला. पडद्यावर तोच अक्षरांचा चिवडा.

हितेशच्या संगणकावर सगळं बिनचूक चालत होतं. जावात चालवलं तरी बरोबर, जावास्क्रिप्ट करून चालवलं तरी बरोबर. टॅबवर मात्र प्रत्येक नोंद पुढच्या वेळेची म्हणून परत यायची. दोघांनी टूलकिटवर संशय घेतला. जावातले फार मोठे आकडे जावास्क्रिप्टला झेपत नाहीत, म्हणून टूलकिट त्यांचे तुकडे करून नेतं आणि पुन्हा जोडतं. वेळ हा असाच मोठा आकडा. जोडताना कुठे सांडत असेल का? दोन दिवस हितेश ती एकेरी अक्षरं वाचत बसला. नकाशाची फाइलही काढली, जी त्याने वर्षानुवर्षं काढली नव्हती. एकही तुकडा सांडत नव्हता. टूलकिट आपलं काम चोख करत होतं. एरवी त्याला केवढा आनंद झाला असता.

तिसऱ्या दिवशी उजमा म्हणाली, की प्रोग्राम तोच आहे आणि यंत्र बदललंय, तर यंत्रच बघू या. तिने टॅब घेतला आणि आतल्या अरबी पानांवर गेली. अरबी भाषा तिला येत नव्हती, पण लहानपणी मकतबमध्ये कुराण वाचायला शिकलेली, अक्षरं येत होती. घड्याळाच्या पानावर ती थांबली आणि बोट ठेवून एक शब्द जोडून वाचला.

“हितेशदादा, हा टॅब अजून मस्कतमध्येच आहे.”

हितेश म्हणाला, वेळ तर आपली दाखवतोय. भिंतीवरचं घड्याळ आणि टॅब, दोन्हींत अकरा वीस.

“वेळ आपली आहे, गाव मस्कत आहे. कुणीतरी नुसते आकडे पुढे सरकवलेत. त्याला वाटतंय मस्कतमध्ये अकरा वीस झालेत. म्हणजे आपल्याकडे बारा पन्नास.” मग तिला वाटलं, आपण जरा लागेल असं बोललो. म्हणून तिने सांगितलं, की आमच्याकडे सुट्टीवर येणारे सगळे असंच करतात. मुआजसुद्धा. दीड महिन्यासाठी फोनमधलं गाव कोण बदलत बसतंय, आकडे ढकलतात झालं. हा त्यानेच केलेला उद्योग असेल, मी आज विचारते त्याला.

“नको विचारूस,” हितेश म्हणाला. “मी केलंय ते.”

खाली कारखान्यात कुणीतरी मूर्तीला पॉलिशपेपर मारत होतं, तो आवाज तेवढा येत राहिला. उजमाला मागचं सगळं माहीत होतं. ती उठून खिडकीपाशी गेली, कारण त्याच्या तोंडाकडे बघवेना.

थोड्या वेळाने हितेशने जुनी यादी उघडली. या यादीत आणखी एक रकाना होता, नोंद पेणला कधी पोचली त्याचा. लोकांना त्याचा काय उपयोग म्हणून त्याने तो पडद्यावर दाखवलाच नव्हता. आता दाखवला. अमावास्येच्या दिवशी उघाडी बंद केल्याची वेळ, दहा पाच. नोंद पेणला पोचल्याची वेळ, नऊ बारा. गोष्ट घडायच्या जवळजवळ तासभर आधी तिची खबर येऊन पडली होती. अशा अडीच महिन्यांच्या ओळी होत्या, सगळ्या तशाच. आणि प्रत्येक ओळीतून दीड तास वजा केला, की हिरामण रोज कोष्टकाच्या वेळेआधी पंधरा मिनिटं ते अर्धा तास बांधावर होता. त्या दिवशी त्याने आठ पस्तीसला फळ्या टाकल्या होत्या. तो खरं बोलला होता. एवढंच नाही, जगात त्या दिवशी खरं बोलणारा तो एकटा होता.

एका ओळीची दुरुस्ती होती. त्या टॅबवरून आलेल्या प्रत्येक नोंदीतून दीड तास वजा. हितेशने ती लिहिली, चालवली, आणि क्षणात सगळ्या नोंदी सरळ झाल्या. मग तो खुर्चीत बसून रडला. उजमा परक्या माणसाला कसं समजवायचं या विचारात जरा घुटमळली, आणि पाण्याचा ग्लास ठेवून गाडीला निघून गेली. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

हितेश आधी गोविंदा पाटलाकडे गेला. त्याला वाटलं होतं, भांडण होईल. गोविंदाने शांतपणे सगळं ऐकलं, दोनदा विचारून समजून घेतलं, आणि रविवारी बैठक लावली. बैठकीत हितेशने उभं राहून सांगितलं, की चूक माझी, बाबांची नाही. कुजलेल्या फळीचंही सांगितलं. गाव ऐकून हळहळलं. खरंच हळहळलं, खोटं कशाला बोलू? पण हळहळ ही फार स्वस्त वस्तू आहे. एक म्हणाला, होतं असं यंत्राचं. दुसरा म्हणाला, चला, आता सगळं निभावलं. निलेशने स्वतःहून सांगितलं, की मी बाजूला सरतो, काकांना परत बोलवा. ठराव झाला, टाळ्या वाजल्या, आणि आठ महिने एका माणसाच्या घरासमोरून जाताना जे बोललं गेलं होतं ते कुणीच बोललं नव्हतं असं झालं. हिरामण मात्र बैठकीला आला नव्हता. कणकण आहे म्हणून घरीच थांबला होता.

संध्याकाळी हितेश घरी आला, तेव्हा हिरामण ओट्यावर जाळं घेऊन बसला होता. हितेश शेजारी बसला. टॅब, मस्कत, आकडे, सगळं त्याने बापाला समजेल असं सावकाश सांगितलं. तुम्ही वेळेत होतात, रोज वेळेत होतात, मीच तुम्हाला खोटं पाडलं, असं म्हणाला. समितीने परत बोलावलंय, उद्यापासून उघाडी तुमची. हे सांगताना त्याचा आवाज लहान पोरासारखा झाला होता. माफी मागायची होती, पण घरात माफीचा शब्द कधी वापरला नव्हता, तो तोंडात बसेना.

हिरामणने जाळं बाजूला ठेवलं. मग मुलाची समजूत काढावी तसा म्हणाला, “नाय रं पोरा. उशीर जाला व्हता. मना आठवतंय.”

हितेशला कळेना. त्याने परत सांगितलं, नऊ बाराला नोंद आली होती, म्हणजे तुम्ही त्याआधीच घरी पोचला होतात.

“त्या दिशी मी धोंडुबाईच्या टपरीवर चाय प्यायला बसलू. पाऊस व्हता. तितंच वेल गेला. मंग धावत गेलू, पन पानी वर आलं व्हतं. ह्ये मना सगलं दिसतंय, आता डोल्यापुडं.”

धोंडुबाईची टपरी बांधाच्या वाटेवर उभी राहिली ती दिवाळीनंतर. श्रावणात तिथे नुसतं गवत होतं. हितेशने ते सांगितलं. अजिजीने सांगितलं, बाबा, टपरी तेव्हा नव्हती, आईला विचारा. जनी दारात येऊन उभी होती, तिने मान हलवली, की व्हय, टपरी नव्हती.

हिरामण विचारात पडला. आठ महिने माणूस एकच गोष्ट ऐकतो, बाहेरून ऐकतो, पोराच्या तोंडून ऐकतो, तेव्हा ती खोटी आहे हे धरून ठेवायला फार बळ लागतं. त्याने एकट्याने किती दिवस धरून ठेवलं असेल कुणास ठाऊक. मग कधीतरी, जाळं विणताना, त्याने सोडून दिलं असेल, आणि चूक कबूल केल्यावर ती कशी झाली हेही त्याला हळूहळू आठवायला लागलं असेल. तो म्हणाला, “टपरी नसन, तं आनकी कुटं बसलू असन. पन बसलू व्हतू, ह्ये नक्की. गोविंदाला सांग, उशीर करनाऱ्याच्या हातात उघाडी देत नाय.”

हितेशकडे बोलण्यासारखं जे होतं ते त्याने आठ महिन्यांपूर्वी देवळात बोलून टाकलं होतं, की मशीन चुकत नाय, त्यात जे जातं तेच बाहेर येतं. यादीतून दीड तास वजा करता आला. या माणसातून तो कसा वजा करायचा, हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि पेणपासून रोह्यापर्यंत कुणालाच ठाऊक नव्हतं.

खाडीवरून वारा सुटला. भरती लागत होती, पाणी तिवरांच्या मुळांत शिरायचा आवाज ओट्यापर्यंत येत होता. एरवी तेवढ्या आवाजावर हिरामणने वेळ सांगितली असती. त्याने मनगट डोळ्यांजवळ नेऊन घड्याळ बघितलं, आणि हितेशला विचारलं, किती वाजले. हितेशने फोन काढून बघितलं आणि सांगितलं, सव्वासहा.

हिरामणने मान हलवली. मग दाराकडे वळून त्याने विचारलं, “जने, आतल्या घड्यालात किती जाले गो?”